काकू बसमधून उतरली तेव्हा

माझ्या चुलतभावाचा, विनूचा, फोन सकाळी आला. "ताई, आई गेली..." एवढंच म्हणाला. शालूकाकू ब्याण्णव वर्षांची होती, झोपेतच गेली. भेटायला येणारे म्हणतात, सोनं झालं हो तिचं. झालं असेल. पंधरवडा झाला, मला मात्र एक जुनी गोष्ट छळते आहे आणि ती सांगून टाकल्याशिवाय चैन पडायचं नाही.

तेव्हा मध्य भारत नावाचं राज्य होतं. संस्थान विलीन होऊन पाच-सहा वर्षं झालेली, पण इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या आमच्या घरात ते शाबूत होतं. आजोबा, म्हणजे आबा, जुन्या राजवटीतले अंमलदार. त्यांचं घड्याळ सात मिनिटं पुढे, म्हणून अख्खं घर सात मिनिटं पुढे. दुरुस्त करा म्हणायची कोणाची छाती नव्हती. या घरात काकू धाकटी सून होऊन आली. 'आपल्यात असंच करतात' म्हटलं की अगदी गोड आवाजात 'का बरं?' विचारायची. आजी कपाळाला हात लावायची.

त्या श्रावणात विनूचा नवस फेडायला आम्ही ओंकारेश्वरला निघालो. विनू सहा महिन्यांचा, मी नऊ वर्षांची. भाड्याची बस आणि घरचे वीसेक जण. सिमरोलच्या पुढे नदीवर बिनकठड्याचा बुटका पूल, तिकडचा रपटा, होता आणि त्याच्यावरून गढूळ पाणी वाहत होतं. ड्रायव्हरनं बस थांबवली. "बाबूजी, पानी चढ़ रिया हे. रुक जाते हें थोड़ा."

आबांनी खिडकीतून एकदा बघितलं. "अरे, उतर रहा है! चलो, अभिषेक का टाइम हो रहा है."

झालं. माना डोलायला लागल्या. "हो, उतरतंय." "बरंच उतरलंय की!" माझे वडील म्हणाले, काकाही म्हणाले. काकूनं विनूला आजीच्या मांडीवर दिलं आणि ती खाली उतरली. मी दाराशीच बसले होते, मला सगळं दिसत होतं. तिनं पाण्याच्या कडेला एक दगड ठेवला. तो बुडाला. वीतभर मागे दुसरा ठेवला. थोड्या वेळानं तोही बुडाला. मग दाराशी येऊन म्हणाली, "आबा, दोन दगड बुडाले. पाणी चढतंय."

आबा तिच्याशी बोललेच नाहीत, माझ्याकडे वळले. "तू दाराशी आहेस ना गं? सांग, पाणी काय करतंय?"

दोन्ही दगड बुडताना मी पाहिले होते. काकू माझ्याकडे बघत होती... मी म्हटलं, "उतरतंय, आबा."

"ऐकलंत? जिला यायचं नसेल ती राहील. गाडी सोडा!"

काका हळूच म्हणाले, "शालू, उगाच तमाशा नको. बस ना." ती वर चढली नाही. बसच्या पुढे जाऊन उभी राहिली, दोन्ही हात बॉनेटवर टेकून. "माझं मूल आत आहे. मी हलणार नाही." ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. बस थरथरली, तिच्याबरोबर काकूही थरथरली, आणि आत विनूनं भोकाड पसरलं. मग एकदम इंजिन बंद झालं. ड्रायव्हर किल्ली काढून खाली उतरला. "मेरे से नी होगा, बाबूजी."

अर्ध्या तासानं एक उन्मळलेली बाभूळ रपट्यावरून वाहत गेली, आणि मग रपटाच दिसेना. परत आलो. आबांनी पुढे वर्षभर काकूच्या हातचं पाणी घेतलं नाही. मला वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी वेणी घालताना काकू माझे केस चांगले ओढेल. तिनं नेहमीसारखी वेणी घातली.

परवा तेराव्याला तिच्या खोलीत जमलो होतो. माझा दादाही तेव्हा बसमध्ये होता. तो रंगात येऊन सांगायला लागला, "आम्ही सगळेच ओरडत होतो, आबा, पाणी चढतंय म्हणून!" पुन्हा माना डोलल्या. मी काही म्हणणार तेवढ्यात विनू माझ्याकडे वळला. त्याचे डोळे भरले होते. "आई नेहमी सांगायची, तिच्यामागे पहिली ताई उतरली. ताईनं हात धरला म्हणून मी उभी राहू शकले, म्हणायची."

बाई गं! आबांपुढे जिनं खोटं चालू दिलं नाही, ती माझ्यासाठी सत्तर वर्षं खोटं सांगत आली होती. सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत होते. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला ते फार गोड लागलं. दादा म्हणाला, "बघ, काकूच म्हणायची ना? मग झालं तर."

"नाही रे विनू," मी म्हटलं. "तुझ्या आईनं सांगितलं असलं तरी नाही. मी दगड बुडताना पाहिले आणि उतरतंय म्हणाले. घरचं दुसरं कोणीही खाली उतरलं नाही. ती एकटी होती."

"आता कशाला हे सगळं?" दादा पुटपुटला. विनूनं डोळे पुसले.

"आणि मी आत होतो?"

"हो. आजीच्या मांडीवर. रडत होतास," मी म्हटलं. "घरच्यांपैकी तिच्या बाजूनं आवाज काढलेला तेवढा तूच."