त्याचा पहिला गाजलेला लेख

माझ्या जर्मन नवऱ्याचा शाळेपासूनचा एक मित्र आमच्याच गावातल्या छोट्या वर्तमानपत्रात बातमीदार होता. म्युनिकहून एस-बानच्या लोकलने अर्ध्या तासावरचं गाव. नगरपालिकेच्या सभा, अग्निशमन दलाची जत्रा, कुणाची तरी हरवलेली गाय, असलं तो लिहायचा. आमच्याकडे जेवायला यायचा. माझी आई पुण्याहून आली की थालीपीठ मागून मागून खायचा. ती त्याला "अहो भाऊ, अजून एक घ्या" म्हणायची, आणि मराठी न कळताही तो ताट पुढे करायचा.

मुलगी पाच वर्षांची असताना तिचं टॉन्सिलचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही दिवस बोलायला मनाई केली होती; आई तेव्हा आलेली होती, ती तिला बागेत घेऊन जायची. हा मित्र तिच्यासाठी आइस्क्रीम घेऊन आला. तिने खुणेनेच थँक यू म्हटलं, तेव्हा पोट धरून हसला.

पुढच्या आठवड्यात त्याचा लेख आला. त्यात आपल्या गावातली घसरगुंडी, बाकावर लुगड्यात गुंडाळलेली एक परकी म्हातारी, आणि जर्मन मुलांनी हाका मारल्या तरी तोंड न उघडणारी तिची नात. 'ही मुलं आपली भाषा कधी शिकणार?' असा शेवट. नाव कुणाचंच नव्हतं. गरजही नव्हती, गावात साडी नेसणारी एकच बाई होती.

मी त्याला फोन केला. "तुला माहीत होतं तिचं ऑपरेशन झालंय."

"आल्झो, म्हणजे बघ, तो लेख तुमच्याबद्दल नाहीच. तुम्ही अपवाद आहात."

"बाकावर माझी आई होती."

"सगळं लेखात मावत नाही गं," तो म्हणाला. आवाजात लाज नव्हती, थोडा कंटाळा होता.

तो लेख म्युनिकच्या मोठ्या पेपरने उचलला. वर्षभरात त्याला तिथे सदर मिळालं, मग टीव्हीवर बोलावणी, मग एका पक्षाची उमेदवारी. इकडे लेख आल्यावर आठवड्याभरातच मुलीची जर्मनची चाचणी घ्यावी असं किंडरगार्टनमधल्या बाईंनी सुचवलं. तिचा बाप जर्मन, ती जर्मनमध्येच स्वप्नं बघायची. तरी चाचणी झाली. त्यानंतर तिने मराठी बोलणंच सोडलं. आजीने काही विचारलं की उत्तर जर्मनमध्ये, तेही दाराकडे बघत.

आईला लेखातलं मी सांगणार नव्हते. नवऱ्याने सांगितलं. तिला कळायला हवं, असं त्याचं म्हणणं. ती म्हणाली, "मी पंजाबी ड्रेस घालून गेले असते तर?" दोन महिने बाकी असताना तिने तिकीट बदलून घेतलं. त्यानंतर ती कधी आली नाही.

निवडणुकीच्या आधी तो बाजारात पक्षाच्या टेबलामागे उभा होता. मुलीला पक्षाचा निळा फुगा देत म्हणाला, "किती सुंदर जर्मन बोलतेस तू!" ती खूश झाली. घरी येईपर्यंत तिने तो फुगा घट्ट धरला होता.

तो निवडून आला. लांडटागमध्ये, म्हणजे इथल्या विधानसभेत गेला. निकालाच्या संध्याकाळी नवरा कपाटातून चांगलं जाकीट काढत होता.

"कुठे निघालास?"

"त्याने बोलावलंय. शाळेपासूनचा मित्र आहे, नाही गेलो तर बरं दिसेल का?"

मुलगी बूट घालून दाराशी उभी होती. तिलाही जायचं होतं.