टपावरची अकरा छिद्रे

आमची पिकअप सतरा वर्षांची आहे. मुलीने ती वापरलेलीच घेतली. मागे पत्र्याची बंद बॉडी होती, म्हणूनच तिला ती पसंत पडली. मुलीची बेकरी आहे. खारी, टोस्ट आणि नानकटाई या तिन्ही पदार्थांना हवेतला ओलावा फार लवकर गाठतो. ताडपत्री टाकलेल्या उघड्या गाडीपेक्षा चारी बाजूंनी पत्रा असलेली गाडी बरी, हा तिचा हिशोब योग्यच होता. त्या पत्र्याला वरून गंज लागलेला असेल, हे मात्र तेव्हा कोणी टपावर चढून पाहिले नव्हते. मीही नाही.

पावसाळ्यात एका मंगळवारी श्रीरामपूरच्या दुकानदाराने सहा खोकी परत पाठवली. आमचा निम्मा माल हा एकटा गृहस्थ घेतो. त्याने मुलीसमोर एक खारी हातात धरून मोडायचा प्रयत्न केला. ती मोडली नाही, वाकली.

"ताई, ही खारी हाय का चपाती?" तो म्हणाला. मग हसू आवरून त्याने सांगितले, "आनखी एकदा सादळलेला माल आला, तर मी कोपरगावची बेकरी धरीन. आमी दुकान मांडून बसलोय, गिऱ्हाईक मलाच बोलतं."

निम्म्या मालाचे हे गिऱ्हाईक तुटले असते तर भट्टीवर काम करणाऱ्या दोन बायकांपैकी एकीला घरी बसवावे लागले असते. मुलीने ओली खोकी अंगणात उलटी करून ठेवली. गळती शोधण्याचे काम मी माझ्याकडे घेतले. मी छत्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आहे. पाणी वरून खाली येते आणि छिद्रातूनच येते, एवढ्या दोन गोष्टी हाती असल्यावर उरलेले काम पद्धतीचे आहे, असे मला वाटले.

पद्धत सांगतो, कारण ती कोणालाही उपयोगी पडेल. भर दुपारी बॉडीत शिरावे आणि दार आतून ओढून घ्यावे. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे. मग पत्र्यातले प्रत्येक छिद्र उजेडाच्या टाचणीसारखे दिसू लागते. आतून मला नऊ छिद्रे दिसली. नंतर शिडी लावून मी टपावर गेलो आणि त्या नऊंभोवती खडूने वर्तुळे काढून क्रमांक घातले. टपाच्या कडेने पत्रा वळवून केलेली पन्हळ आहे. तिच्या मागच्या दोन कोपऱ्यांत आणखी दोन छिद्रे सापडली, त्यांना दहा आणि अकरा हे क्रमांक दिले. वहीत मी प्रत्येकाची जागा, माप आणि आकार लिहिला. नऊ छिद्रांपुढे 'आकार : वेडावाकडा' असे लिहिले आहे. दहा आणि अकरापुढे 'आकार : गोल'. गंज काही कंपास घेऊन बसत नाही, हे तिथेच माझ्या लक्षात यायला हवे होते. मी पान उलटले.

तारेच्या ब्रशने गंज खरवडला. बाहेरून रुपयाएवढा दिसणारा डाग रंगाखाली तळहाताएवढा पसरलेला निघे. म्हणून चांगला पत्रा लागेपर्यंत खरवडत राहावे लागते, मध्येच थांबलो तर नवा रंग महिन्याभरात फुगतो. मोठ्या छिद्रांवर ठिगळे बसवून रिबिटा ठोकल्या, लहान छिद्रे लेप मळून बुजवली. त्यावर लाल प्रायमर आणि रंगाचे दोन हात दिले. वाळल्यावर एक बादली पाणी ओतले. आत एक थेंबही आला नाही. मी अकराही क्रमांकांपुढे बरोबरची खूण केली.

दोन दिवसांनी पाऊस झाला आणि गाडी पूर्वीपेक्षा जास्त गळली.

जास्त गळली, हे मला कितीतरी वेळ खरेच वाटेना. शिवाय पाणी डाव्या बाजूच्या मधोमध येत होते, आणि माझ्या वहीत तिथे एकही छिद्र नव्हते. मी पुन्हा दुपारी आत बसलो. उजेडाची एकही टाचणी दिसली नाही. उजेड येत नाही त्या वाटेने पाणी कसे येते? मी पन्हळीवर रंगाचा आणखी एक हात दिला. पुढच्या पावसात गळती आणखी वाढली. तेव्हा मला शंका आली, की हे पावसाचे पाणीच नसावे. गरम खारीची वाफ थंड पत्र्याला लागून थेंब धरत असावेत.

"अण्णा," मुलगी म्हणाली, "खारी गार झाल्याशिवाय मी खोक्यात भरत नाही. आणि काल गाडी रिकामी होती. रिकाम्या गाडीत वाफ कोणाची?"

मी वहीची मागची पाने चाळू लागलो.

"तुम्ही दुरुस्त करायच्या आधी कमी गळत होतं," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागले.

सोमवारी तिने श्रीरामपूरहून पत्र्याचे काम करणारे एक वयस्कर मिस्त्री बोलावले. मंगळवारी माल जायचा होता. मिस्त्री टपावर चढले, सगळ्या ठिगळांवरून अंगठा फिरवला, मान डोलावली आणि मागच्या कोपऱ्यात जाऊन उकिडवे बसले.

"सर, ही भोकं कुनी बुजवली?"

"मीच. क्रमांक दहा आणि अकरा."

"नंबर बी दिलेत व्हय!" ते टपावर बसूनच हसले. "आवो, ही पानी जायची भोकं हायेत. बॉडी बांधणाऱ्यानं मुद्दाम पाडलीत. तुमी पन्हळीचं तोंडच बांधून टाकलं. आता ती भरती, अन् भरली की पानी जोडाच्या फटीतून आत जातं. जाणार कुठं बिचारं?"

माझ्या एका बादलीने पन्हळ भरलीच नव्हती, म्हणून परीक्षेत गाडी उत्तीर्ण झाली होती. मिस्त्रींनी दोन्ही छिद्रे ड्रिलने मोकळी केली. उतरताना ते म्हणाले, "पन जोडाखालचा पत्रा बी खाल्लेला असंल. पूर्ण खोलल्याबिगर कळायचं न्हाई. म्या आज लिहून देत न्हाई काही."

मंगळवारी सकाळपासून पावसाची रिपरिप होती. मी मुलीबरोबर पुढे बसून गेलो. दुकानदाराने पहिले खोके उघडले, एक खारी उचलली आणि ती कानाजवळ नेऊन मोडली. कर्रकन आवाज झाला, आणि चुरा त्याच्या खांद्यावर पडला.

"बोलली की ओ ताई!" तो म्हणाला. "गुरुवारी धा खोकी पाठवा."

मी तिथेच वही काढून 'उपाय यशस्वी' असे लिहिले. मागे वळून पाहतो तर मुलगी एका ओल्या ताडपत्रीची घडी घालत होती.

"ही कुठे होती?"

"टपावर. तुम्ही पुढे बसून काच पुसत होतात, तेव्हा बांधली."

"अगं, मग टप टिकला की ताडपत्री, हे कसं कळायचं? एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते!"

"अण्णा, मला माल पोचवायचा होता. प्रयोग करायला आपली खारीच सापडली का तुम्हाला?"

मी 'यशस्वी' शब्द खोडला. ताडपत्रीचाही भरवसा नव्हता. वाऱ्याने तिचा एक कोपरा फाटला होता आणि एक दोरी वाटेतच तुटली होती. गुरुवारची दहा खोकी कशाच्या आधारावर पाठवायची, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते. म्हणून परतताना मी मागे रिकाम्या बॉडीत बसायचे ठरवले.

"कोणी अडवून विचारलं तर काय सांगू, बाप मागे का भरलाय?"

"तपासणी चालू आहे, असं सांग."

तिने हसत दार लावले, पण गाडी नेहमीपेक्षा हळू चालवली. मी उलट्या खोक्यावर बसून बॅटरी छताकडे धरली. बाहेर पावसाचा जोर वाढला. माझी नऊ ठिगळे कोरडी होती. डाव्या बाजूचा मधला भाग कोरडा होता. बराच वेळ काही झाले नाही. मग माझ्या गुडघ्यावर एक थेंब पडला. मी वर पाहिले. तिथे जोड नव्हता, गंज नव्हता, ठिगळही नव्हते. बोट लावले, ते कोरडेच राहिले. थोड्या वेळाने दुसरा थेंब पडला, तो वहीवर.

गावाच्या अलीकडे गाडी थांबली. मुलीने दार उघडले.

"गळतंय?"

"गळतंय. पूर्वीपेक्षा खूप कमी."

"कुठून?"

"सांगता येत नाही."

ती आत चढली. बॅटरी घेऊन तिनेही छतावर हात फिरवला आणि कोरडा तळवा मला दाखवला. आम्ही दोघे वर पाहत उभे राहिलो. तिसरा थेंब आला नाही.

"जाड दोरी घेऊ," ती शेवटी म्हणाली. "ताडपत्रीही नवी, चारी कोपऱ्यांना कड्या असलेली. दहा खोकी मधोमध रचते."

"आणि टप?"

"टपाची गळती तुम्ही शोधत राहा, अण्णा. गुरुवार थांबणार नाही."

आम्ही गाडी पुन्हा श्रीरामपूरकडे फिरवली. दोरी-ताडपत्रीच्या दुकानात तिने कड्या ओढून पाहिल्या, मी दोरीची जाडी मोजली.