पाय पोचला होता की नाही

शुभाताई गेल्याचा नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले आणि खरं सांगते, रडू यायच्या आधी राग आला. माझी ही थोरली नणंद जातानाही एक भांडण माझ्या गळ्यात अडकवून गेली होती...

ताई कॉलेजात असताना पुण्यात बास्केटबॉल खेळलेल्या. आमच्या कितीतरी आधी बर्लिनला आल्या, एकट्याच राहिल्या आणि पन्नाशी उलटली तरी घराजवळच्या मैदानावर विशीतल्या पोरांना अडवायला उभ्या राहत. स्वतः बास्केट टाकण्यात त्यांना रस नव्हता. समोरच्याला टाकू न देणं, यातच सगळा जीव. माझ्या लेकीची, ईराची, शिकवणी तर तिच्या हातात चेंडू धड मावत नव्हता तेव्हापासूनची. "डोळ्यांकडे बघू नको, डोळे फसवतात. पोटाकडे बघ. पायात पाय घालू नको, सरक. हात वर ठेव, पण अंगाला लावू नको." ईरा उत्तरं जर्मनमध्ये द्यायची, ऐकायची मात्र सगळं. एका वाढदिवसाला मैत्रिणींसमोर ताईंनी तिला एकही बास्केट टाकू दिली नाही. मी म्हटलं, "अहो ताई, आज तरी एक टाकू द्या."

"टाकू दे की. मी कुठे तिचा हात धरलाय?"

ईरा रडली, मी घरी येऊन नवऱ्याशी भांडले आणि दुसऱ्या दिवशी हीच कन्या चेंडू घेऊन आत्याच्या दारात. चिडायचं तरी कोणावर?

मग किमो सुरू झाली. लोकरीची टोपी घालून ताई मैदानावर आल्याच. ईरा एव्हाना त्यांच्याहून उंच झालेली. ती मुद्दाम हळू खेळायला लागली. ताईंनी चेंडूच काढून घेतला. "कीव करायची असेल तर घरी जा." ईरा पेटली, खरी धावली आणि त्यांच्यावर आदळली. चेंडू जाळीत, ताई जमिनीवर. मी धावत गेले, तर या बसल्या जागेवरून सांगतात, "बास्केट धरायची नाही. मी आधी जागा घेतली होती. धडक तिची, फाउल तिचा."

"नाइन, नाही आत्या. तू उशिरा पोचलीस, तुझा पाय अजून सरकत होता. फाउल तुझा."

कोपर सोललेलं, धाप लागलेली, आणि दोघी नियमावर वाद घालतायत. तो वाद पुढे फोनवर चालला, हॉस्पिटलातही चालला. शेवटच्या भेटीत ईरा पाणी आणायला गेली तेव्हा ताई हळूच म्हणाल्या, "नव्हते गं पोचले मी. पाय उशिरा पडला."

"मग सांगा की तिला."

"छे. जिंकले म्हणून बसून राहील. डाव्या हाताने अजून कच्ची आहे ती."

तेवढ्यात ईरा पाणी घेऊन आली.

मागच्या आठवड्यात ताईंचं घर रिकामं करायला गेलो. दारातून आत येतानाच्या अरुंद पॅसेजमध्ये, लाकडी जमिनीवर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बुटांचे काळे ओरखडे. आजारपणातही ही बाई घरात सरकण्याचा सराव करत होती. घरमालकाला जमीन स्वच्छ हवी, म्हणून मी गुडघ्यांवर बसून घासत होते. डाग काही निघत नव्हते. ईरा त्या ओरखड्यांवर उभी राहिली, गुडघ्यांत वाकली, एकदा इकडून तिकडे सरकली. मग जर्मनमध्येच विचारलं, त्या दिवशी आत्याचा पाय पोचला नव्हता ना? तू तर बाजूलाच होतीस.

"मी नीट पाहिलं नाही," मी म्हटलं. "सरक जरा, तिथलं घासायचं राहिलंय."