नाव नसलेलं पाकीट

सकाळी नऊच्या सुमाराला तोआ पायोहच्या एमआरटी, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनात सरकत्या जिन्याने खाली उतरत होतो, तेव्हा खानअंकलच्या लेकीचा, झुबैदाचा, मेसेज आला. इंग्रजीत दोनच वाक्यं. आबा गेले. दुपारच्या नमाजनंतर दफन. मी खाली पोचलो आणि शेजारच्या जिन्याने तसाच पुन्हा वर आलो. ऑफिसला कळवायचंही सुचलं नाही. घरी जाऊन मंजिरीला, माझ्या बायकोला, सांगितलं. ती डब्याची पोळी लाटत होती. लाटणं तसंच हातात धरून ती म्हणाली, "अरे, परवाच तर लिफ्टमध्ये भेटले. मला म्हणाले, बेटी, तुझा नवरा वजन वाढवतोय." तेच त्यांचं शेवटचं मत माझ्याबद्दल. आता सहा आठवडे झाले. लिहायला बसतोय आणि रडू येण्याऐवजी त्यांचं बोलणं आठवून हसूच जास्त येतंय, तेव्हा वाचकांनी मला सांभाळून घ्यावं.

खानअंकल आमच्याच ब्लॉकमध्ये चौथ्या मजल्यावर राहायचे, आम्ही अकराव्या. पण ओळख झाली ती त्यांच्या दुकानात. बारा-तेरा वर्षांपूर्वी पर्मनंट रेसिडेन्सीचा अर्ज भरायचा होता, फोटो हवे होते. तोआ पायोहच्या बाजारात चपलांचं दुकान आणि दाताचा दवाखाना यांच्या मधे त्यांचा स्टुडिओ होता, एवढा अरुंद की दोन गिऱ्हाईकं आली तर एकाने बाहेर उभं राहायचं. मी स्टुलावर बसलो, कॉलर नीट केली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसलो. कॅमेऱ्यामागे कोणीच नव्हतं. अंकल काउंटरवर एक खाकी पाकीट आणि शिसपेन्सिल घेऊन बसले होते. "पहले नाम, मिस्टर. चेहरा बाद में." मी केतकर म्हटलं. "पूरा." मग शिरीष भालचंद्र केतकर. मधलं नाव वडिलांचं, हे कळल्यावर त्यांना भारी मजा वाटली. "बाप बीच में बैठता है? गुड लाह!" लाह हे इथल्या प्रत्येक वाक्याचं शेपूट. पाकिटावर त्यांनी तीन ओळी लिहिल्या. कोण, कुठे, कोणी काढला. पासपोर्टच्या फोटोला एवढं सगळं कशाला, असं मी विचारलं. चिंचवडचा माणूस आहे, विचारल्याशिवाय राहवत नाही. ते म्हणाले, नाव नसलेला फोटो म्हणजे अनाथ, त्याला पुढे कोणी घरात घेत नाही. आणि मग कॅमेऱ्यामागे जाऊन, "दाँत नहीं, मिस्टर. गव्हर्नमेंट को दाँत नहीं चाहिए."

पठाण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सहा फुटी, दणदणीत माणूस येतो. खानअंकल जेमतेम सव्वापाच फूट, पायात रबरी सपाता, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मांजराला इतके घाबरायचे की जिन्याने जायचं टाळायचे. सहा फुटी होते ते त्यांचे वडील. सरहद्दीवरच्या कुठल्याशा खेड्यातून ते दुसऱ्या महायुद्धाच्या आधी इथे आले आणि नदीकाठच्या एका गोदामावर रखवालदार झाले. रात्रभर पहारा, दिवसा दारासमोर बाजेवर झोप. मायदेशी परत निघालेल्या एका गोऱ्या सोल्जरने त्यांना आपला घडीचा कॅमेरा दिला आणि तिथून या घराण्याचं नशीब पालटलं. आधी ते दुसऱ्या रखवालदारांचे फोटो काढायचे, गावी पाठवायला. मग गोदामाच्या चिनी मालकाच्या पोरांचे. मग दुकानच टाकलं. अंकल स्वतः इथेच जन्मले, गाव त्यांनी कधी पाहिलं नाही. मलय फर्डी, हिंदी-उर्दू मोडकीतोडकी, आणि पश्तोची चार वाक्यं. त्यातलं एक ते जड खोकं उचलताना म्हणायचे. अर्थ विचारला तर म्हणाले, "मालूम नहीं. अब्बा उठाते टाइम बोलते थे."

डोळे अधू झाल्यावर त्यांनी दुकान बंद केलं आणि सगळी खोकी चौथ्या मजल्यावरच्या घरात आणून रचली. बाप-लेकाने मिळून पन्नास-साठ वर्षांत जमवलेल्या निगेटिव्ह. झुबैदा, त्यांची एकुलती लेक, तिला घरात चालायला जागा उरेना. मी आयटीवाला, माझ्याकडे चांगला स्कॅनर होता, आणि नको तिथे पुढे होण्याचा स्वभाव जन्मजात. दर शनिवारी दुपारी मी एक खोकं संपवून परत न्यायचो, दुसरं घेऊन यायचो. मधे दोन तास वेलदोड्याचा हिरवा चहा. लॅपटॉपवर फोटो मोठे करून दाखवले की अंकल पाकिटावरचं नाव वाचायच्या आधीच माणूस ओळखायचे. अशाने मला या देशाचा इतिहास कळला... पुस्तकातला नव्हे, हा. नव्या सरकारी फ्लॅटची किल्ली हातात धरून ताठ उभं असलेलं कुटुंब, आणि मागे नळ सोडून त्याच्याकडे टक लावून बघणारी आजी. लिफ्टमध्ये पाऊल टाकायला तयार नसलेल्या म्हाताऱ्याला दोन्ही हातांना धरलेले नातू. बुकित बातोकला दगडाच्या खाणीत कामाला असलेल्या बायका, डोक्याला लाल फडकी, जेवणाच्या सुट्टीत. आणि पगडी बांधलेले अंकलचे वडील, मांडीवर गोदाममालकाचं तान्हं चिनी बाळ, दोघेही कॅमेऱ्याकडे सारखेच गंभीर. देश नवा होता, ओळखपत्रं नव्याने निघाली, त्यांच्या दुकानासमोर फोटोसाठी रांगा लागल्या. "सबका चेहरा हमारे पास," अंकल म्हणायचे. त्यात फुशारकी नसायची. जबाबदारी असल्यासारखं म्हणायचे.

पहिल्याच शनिवारी त्यांनी मला एक नियम सांगितला होता. "जिस पे नाम नहीं, वो छोड़ देना." मी त्याचा अर्थ घेतला की नाव नाही म्हणजे वाया गेलेले, धुरकट फोटो, त्यांच्यावर वेळ घालवू नकोस. दीड वर्ष काम चाललं, नाव नसलेलं एकही पाकीट निघालं नाही. शेवटून दुसऱ्या खोक्याच्या तळाशी एक निघालं. कोरं, चारी बाजूंनी डिंकाने चिकटवलेलं. ते सोडून द्यायचं होतं... मी चहाच्या किटलीची वाफ धरून ते उघडलं.

आत एकच निगेटिव्ह. स्कॅन झाला आणि पडद्यावर एक बाई आली. चाळिशीची असेल, ओढणी मागे सरकवलेली, कारण ओळखपत्राला कान-कपाळ दिसावं लागतं. मी त्या खोक्यांतले हजारो चेहरे पाहिले होते. सगळे कॅमेऱ्याकडे बघतात. ही कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे बघत होती, आणि तिला हसू दाबून धरायला लागत होतं. नाक, भुवया हुबेहूब अंकलच्या, झुबैदाच्याही. ही अंकलची आई हे शेंबड्या पोरानेही ओळखलं असतं. त्यांच्या घरात वडिलांचे चार फोटो होते, आईचा एकही नव्हता. मला वाटलं, बिचारे विसरलेत हे पाकीट. मी आठवडाभर खपून एकेक ओरखडा पुसला, मोठा प्रिंट काढला, सागवानी फ्रेम केली, आणि ईदला त्यांच्या भरल्या घरात नेऊन दिली. माझ्या शहाणपणाला काय म्हणावं!

घरात वीस-पंचवीस माणसं होती. मेहुणे, भाचे, समोरच्या फ्लॅटमधले चिनी नवरा-बायको. अंकलनी कागद फाडला. माना पुढे झाल्या, कोणीतरी "कोण आहे, कोण आहे" विचारलं, आणि अंकलनी फ्रेम चटकन छातीशी धरली. चित्राची बाजू आत, लाकडाची बाहेर. चेहरा पांढरा पडला होता. आतल्या खोलीत गेले, फ्रेम ठेवून आले, आणि माझ्यासाठी स्वतःच्या हाताने ताट वाढलं. "खाना खाओ पहले." पाहुणा समोर जेवतोय की नाही हे बघत ते शेवटपर्यंत माझ्या शेजारी बसून राहिले. लिफ्टमध्ये मंजिरी म्हणाली, "शिरीष, तू त्यांना विचारलं होतंस?" उत्तर तिलाही माहीत होतं.

पाचव्या दिवशी न राहवून मी लॅपटॉप बगलेत मारून खाली गेलो. त्यांच्यासमोर फाइल पुसायची आणि माफी मागायची, एवढंच ठरवलं होतं. त्यांनी चहा केला, आणि मग सांगितलं. त्यांच्या आईने आयुष्यात कधी फोटो काढून घेतला नाही. त्यांच्या खेड्याकडची रीतच होती ती, घरच्या बाईचा चेहरा परक्याने बघायचा नाही, आणि नवरा फोटोग्राफर असला म्हणून ती मोडायची नाही. पण ओळखपत्र सगळ्यांना सक्तीचं होतं. मग वडिलांनी एका दुपारी दुकानाची फळी लावली, मदतनिसाला घरी पाठवलं आणि फोटो स्वतः काढला. पुढे दोन वर्षांत ती गेली. कार्ड कचेरीत परत करायचं काम अंकलकडे आलं. तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. कारकुनाने ते ड्रॉवरमध्ये टाकलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. निगेटिव्हचं पाकीट वडिलांनी जाताना त्यांच्या हाती दिलं, कोणाला दाखवायचं नाही आणि टाकायचंही नाही, असं बजावून. त्यांनी ते जन्मभर उघडलं नाही.

"अंकल, मी आत्ता पुसतो," मी लॅपटॉप उघडत म्हटलं. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"तीन दिन ग़ुस्सा था. बहुत. चौथे दिन, सुबह, दरवाज़ा बंद करके देखा." मग चहाचा कप बाजूला सरकवला. "शिरीष, मैं भूल गया था. माँ का चेहरा. ऑलरेडी भूल गया था. सबको बोलता था, सबका चेहरा हमारे पास. किसको बोलता, मेरे पास मेरी माँ का नहीं है?"

ते उठले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि नाक शिंकरून आले. मग त्यांनी एकदम कामाच्या आवाजात सांगितलं की फ्रेमला वाळवी लागेल, दमट हवेने काही होईल, म्हणून फाइल तुझ्याकडे राहू दे. मी गेलो की पुसून टाक. तोपर्यंत अमानत. आणि तू पाहिलंच आहेस तिला, तर तू आता घरचा. तो विषय आम्ही पुन्हा काढला नाही. उलट त्यांनी माझ्या मागे लागून लागून आमच्या लग्नाचा अल्बम चिंचवडहून मागवायला लावला. आईला व्हिडिओ कॉलवर बसवून मी प्रत्येक फोटोमागे नावं लिहिली. आई आता कोणाला फारसं ओळखत नाही. त्या पंगतीत कोण कोण बसलंय हे आज आमच्या घरात फक्त त्या शिसपेन्सिलीला माहीत आहे, आणि ते खानअंकलचे माझ्यावरचे उपकार म्हणा, प्रेम म्हणा, मी जन्मभर विसरणार नाही.

ते गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात खोकी न्यायला संग्रहालयाची माणसं आली. त्या फोटोंचं प्रदर्शन होणार आहे, सगळी नावं खाली छापून. आनंद आहे. त्यातल्या एका चुणचुणीत मुलीने ईदच्या फ्रेमबद्दल कुठूनतरी ऐकलं होतं. तिने झुबैदाला विचारलं, त्या पिढीतल्या पठाण बाईचा असा फोटो कुठेच मिळत नाही, एक प्रत देता येईल का? झुबैदा माझ्याकडे बघून म्हणाली, "शिरीष, आबा सेड इट्स विथ यू. यू डिसाइड, लाह." मुलगी चुकीचं काही मागत नव्हती. तो त्या सगळ्या खोक्यांतला सर्वांत चांगला फोटो आहे, हे तो पाहिलेला माणूस म्हणून मी सांगतो. त्याखाली अंकलच्या वडिलांचं नाव लागलं असतं, जगाने वाहवा केली असती. मी म्हटलं, तो या संग्रहातला नाही. घरी गेलो आणि फाइल पुसली, बॅकअपमधूनही. पुसण्याआधी एकदा उघडून बघावं असं फार वाटलं. नाही बघितलं.

चाळिसाव्या दिवशी झुबैदाकडे दुआ होती. जेवणं झाल्यावर ती मला आतल्या खोलीत घेऊन गेली. मी तिथे कधी गेलो नव्हतो. पलंग, नमाजचा गालिचा, आणि उशाशी भिंतीवर माझी सागवानी फ्रेम, चेहरा भिंतीकडे करून टांगलेली. रोज सकाळी नमाजनंतर आबा दार लोटून घ्यायचे, ती उलटी करून तिच्यासमोर चहा प्यायचे आणि कप धुवायच्या आधी पुन्हा फिरवून ठेवायचे, असं झुबैदा म्हणाली. आता ती तसंच करते. खोलीच्या बाजूला फ्रेमची पाठ होती, आणि तिच्यावर शिसपेन्सिलीने, थरथरत्या इंग्रजी अक्षरांत नेहमीच्या तीन ओळी. कोण: माझी आई. कुठे: दुकानात, फळी लावून. कोणी काढला: माझ्या वडिलांनी. त्या माउलीचं नाव त्यांनी तिथेही लिहिलं नव्हतं, ते मला आजही माहीत नाही. पण खाली एक चौथी ओळ होती. हजारो पाकिटं मी पाहिली, चौथी ओळ कशावरच नव्हती. घरी कोणी आणली: शिरीष भालचंद्र केतकर. पूर्ण नाव, वडिलांना मधे बसवून.