पिरिडीनचा वास आणि सौंदर्याची खोली

भाड्याच्या खोल्यांची भांडणं माझ्याकडं येतात. नोकरी करणाऱ्या, शिकणाऱ्या पोरींना घरमालक बाहेर काढायला निघाले की मी जाऊन उभी राहते. माझी शाळा सातवीत सुटली. कायदा मी स्वतः वाचून शिकले, आणि कुणापुढं आवाज खाली घेत नाही. तरी सौंदर्यासाठी भांडताना मी नक्की कुणाच्या बाजूनं बोलले, ते मला अजून उमगलेलं नाही.

सौंदर्या नेसरी गावची. रसायनशास्त्रात पीएच.डी. करते आणि राजारामपुरीत अक्काताईंच्या घरी, वरच्या खोलीत राहते. अक्काताई जैन. त्यांच्या स्वयंपाकघरात कांदासुद्धा येत नाही. त्यांची तक्रार एकच, की ही पोरगी वर मासं शिजवते. रोज संध्याकाळी जिन्यात कुजक्या मासळीचा वास येतो. रविवारी खोली रिकामी कर म्हणून त्यांनी सांगून टाकलं होतं.

मी तावातावानं गेले. भाडेकरूनं काय खावं हे घरमालकानं ठरवायचं नाही, असं दारातच सुनावलं. अक्काताई तोंड उघडणार तेवढ्यात माझ्या मागून सौंदर्याच बोलली.

"ताई, मी मासं खातच न्हाय की. आम्ही लिंगायत. आमच्यात अंडंसुद्धा चालत न्हाय."

मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, हे सिद्ध करत बसू नकोस. आज तू न खाणारी म्हणून राहिलीस, तर उद्या खाणारीनं जायचं कुठं? ती म्हणाली, तुमचं बरोबर असंल, पण सोमवारी मी झोपू कुठं? आणि मासं खाते म्हणून काढली, असं गावात कळलं तर अव्वा, म्हणजे तिची आई, शिक्षण बंद करून घरी नेईल.

वास प्रयोगशाळेतला आहे, केसांत न् कपड्यांत बसतो, असं ती परोपरीनं सांगत होती. अक्काताईंना पटेना. शेवटी त्याच म्हणाल्या, दाखीव मग. तिघी रिक्षानं निघालो.

प्रयोगशाळेत सौंदर्यानं एका बाटलीचं झाकण क्षणभर उघडलं. पिरिडीन म्हणतात त्याला. अक्काताईंनी पदर नाकाला लावला.

"ह्योच की गं त्यो," त्या पदरातूनच म्हणाल्या.

मग सौंदर्यानं आपण वाढवलेले स्फटिकाचे खडे दाखवले. छोट्या काचेच्या नळीच्या तळाशी, साखरेपेक्षा बारीक, हिरवेगार. नळीला हात लावू दिला नाही. धक्का लागला तर ते नीट वाढत नाहीत म्हणे. मधोमध व्हॅनेडियम या धातूचा अणू, आणि भोवती पिरिडीनच्या जातीचे रेणू त्याला धरून बसलेले. खड्यातून एक्स-रे सोडले की कोणता अणू कुठं बसलाय ते कळतं. मला निम्मंही समजलं नाही. ह्या खड्यांना वास का नाही, असं अक्काताईंनी विचारलं. ती म्हणाली, वासाचा रेणू धातूला नीट बांधला गेला की तो हवेत सुटत न्हाय. याचा उपयोग काय, असं मी विचारलं. तर म्हणाली, आधी अणू बसलाय कसा ते तर बघू.

खोली राहिली. अट एवढीच, की मागच्या दारानं यायचं आणि आंघोळ करून वर जायचं. निघताना मला राहवलं नाही. मी अक्काताईंना विचारलं, "आणि पोरीनं खरंच मासं खाल्लं असतं तर?"

"तर रविवारी भाईर. त्यात इचारायचं काय?"

इथं खरं भांडण होतं. पण सौंदर्यानं माझा हात घट्ट दाबून धरला, आणि मी गप्प बसले. मी!

मागच्या आठवड्यात उचगावच्या एका कारखान्यात काम करणारी स्वप्नाली खोलीसाठी आली. सौंदर्याच्या खोलीत एक कॉट रिकामी आहे. पण स्वप्नालीला सुकटीशिवाय भाकरी जात नाही. मी सौंदर्याला फोन करून विचारलं. ती हसायला लागली.

"येऊ दे की ताई. वास माझ्या पिरिडीनच्या नावावर खपंल."

आता काय करू? लपूनछपून सुकट खाता यावी म्हणून का मी आजवर भांडले? आणि उघड भांडावं, तर अक्काताई चिडून सौंदर्यालाही बाहेर काढणार. स्वप्नालीचा फोन सारखा येतोय. मी अजून उचललेला नाही.