पेटीचा पेपर

इतवारी बाजारात प्रवासाचं सामान विकणारे एक दुकानदार माझ्या ओळखीचे आहेत. बर्फाची पेटी दाखवताना ते आधी गिऱ्हाइकाला तिच्यावर बसवतात. "जंगलात खुर्ची कोण देते तुमाले?" मग झाकणाच्या रबरावरून अंगठा फिरवतात. भाव सगळ्यात शेवटी.

मे महिन्यात सहलीसाठी मोठी पेटी घ्यायला गेलो, तेव्हा दुकानासमोर भर उन्हात एक निळी पेटी ठेवलेली होती. मी झाकणाला हात लावताच ते ओरडले, "उघडू नका भाऊ! काल बर्फाची लादी टाकली. तीन दिवसांचा पेपर सुरू आहे तिचा."

तेवढ्यात समोरचा हातगाडीवाला भोवळ येऊन खाली बसला. यांनी झटकन तीच पेटी उघडली, लादी फोडली आणि दुपट्ट्यात बर्फ बांधून त्याच्या मानेवर धरला. कालपासून उन्हात असूनही लादी फारशी वितळली नव्हती.

तो सावरल्यावर मी म्हणालो, "हीच द्या."

"कशी देऊ? पेपर अर्धाच झाला."

"पण आम्ही उद्या निघतोय."

"मग माही घरची घेऊन जा. ते दहा उन्हाळे पास आहे."