बंद दारामागचं भांडण

सलूनमध्ये त्याची कात्री कमी आणि तोंड जास्त चालायचं. गिऱ्हाइकं त्याला ‘रेडिओ’ म्हणत. घरी बायकोही काही कमी नव्हती; दोघांचं भांडण ऐकायला शेजारी टीव्ही बंद करत.

मग अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. कितपत समजतं ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आठवडे गेले, तो नुसता भिंतीकडे बघत राही. त्याला काही कळत नाही, असं बायको धरूनच चालली. त्याला उचलता उचलता तिची कंबर गेली होती. त्याच्या उशाशी बसूनच ती नणंदेला फोनवर म्हणायची, “माणूस गेलाय गं, ओझं तेवढं उरलंय. आश्रमात जागा मिळाली की सुटेन एकदाची.”

एका दुपारी ती शर्टांना काजं करत बसली होती. टीव्हीवर जुना अमेरिकन विनोदी चित्रपट लागला होता, काळापांढरा, आपल्या भाषेत आवाज दिलेला. घटस्फोट घेतलेलं जोडपं चुकून हॉटेलच्या एकाच खोलीत अडकतं आणि तोंडाला तोंड लागतं. दोघं एकमेकांना वाक्य पुरं करू देत नव्हते, पण समोरच्याचा एक शब्दही त्यांच्या कानातून सुटत नव्हता. तिचा दोरा हातातच राहिला. किती प्रेमाने भांडतात मेले!

पडद्यावर आता नुसतं बंद दार होतं. आतून नवरा ओरडला, “तुझ्यापुढे मला श्वास घ्यायलाही सवड मिळत नाही!”

“नको घेऊस. मी दोघांचा घेते!”

मागे पलंगावर तो खदखदून हसला.

तीही हसली, आणि हसता हसता गार पडली. पडद्यावर कोणी घसरलं नव्हतं, पडलं नव्हतं. हसण्याजोगे होते ते फक्त शब्द.

“अहो,” ती वळली, “तुम्हाला कळतंय सगळं?”

त्याचं हसू मावळलं. त्याने होकारार्थी मान हलवली.

“फोनवर बोलले, तेही?”

त्याने डोळे मिटून घेतले. तिने त्याचा हात धरला. तो त्याने सोडवून घेतला नाही, पण डोळेही उघडले नाहीत.

तरी त्याला आश्रमात न्यावंच लागलं. तिला उठून उभंही राहवेना. तिने त्याच्या उशाशी बसून त्याला सगळं सांगितलं, माफी मागितली. जाताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

पहिल्याच भेटीत नर्सने त्याच्यादेखत तिला विचारलं, “यांना रात्री झोप लागायची का हो घरी?”

“त्यांना विचारा,” ती ताडकन म्हणाली. “ते ऐकताहेत.”